पाचवीचा उंबरठा

मराठवाड्यातला मुलगा बुजरा असतो, नव्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो, उत्तर येत असले तरी हात वर करत नाही, ही तक्रार शिक्षकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिची कारणेही ठरलेली असतात. मूल खेड्यातून आलेले आहे, वय अडनिडे आहे, घरी कोणी शिकलेले नाही, आणि यातले काहीच लागू पडले नाही तर या मातीचा स्वभावच तसा आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या बाजारगावात उभे राहून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या शाळेकडे पाहिले, तर मला ही कारणे अपुरी वाटतात. हा बुजरेपणा मुलांनी घरून आणला नाही, शाळेच्या रचनेने तो घडवला. भाषा, लिपी, गाव आणि पोशाख हे सगळे एकदम बदलण्याची जागा या प्रदेशात नेमकी दहा ते तेरा या वयात ठेवली गेली. पुढे राज्ये बदलली, माध्यमे बदलली, पण तो उंबरठा कोणी काढून टाकला नाही. तो एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत सरकला आणि एका समाजाच्या मुलांसमोरून दुसऱ्या समाजाच्या मुलांसमोर गेला.

मानवत ही कापसाची पेठ. गोदावरीच्या उत्तरेची काळी जमीन, कापूस, जिनिंग, अडत, आणि त्या व्यापाराभोवती जमलेली मराठी, मारवाडी, कोमटी, मुसलमान कुटुंबे, अशी या गावाची घडण. एकोणिसावे शतक संपता संपता मनमाड आणि हैदराबाद यांना जोडणारी मीटरगेज रेल्वे या भागातून गेली आणि गावापासून काही अंतरावर मानवत रोड हे स्टेशन झाले. पश्चिमेला सेलू, सातोना, परतूर, जालना, औरंगाबाद. पूर्वेला परभणी, पूर्णा, नांदेड आणि पुढे निजामाबादवरून हैदराबाद. कापसाच्या गाठी मनमाडमार्गे मुंबईकडे जात असतील, पण शिकणाऱ्या मुलाचा रस्ता पूर्वेकडे होता. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात, त्यामुळे परीक्षा हैदराबादची, नोकरी हैदराबादच्या दरबाराची, कचेरीतला कागद हैदराबादच्या भाषेत. मानवत तेव्हा पाथरी तालुक्यात होते. शेताचा वाद असो की दुकानाचा परवाना, तहसिलीत अर्ज उर्दूतच लिहून द्यावा लागे. तो वाचता येणारा एक तरी मुलगा घरात असावा असे व्यापाऱ्याला आणि पाटलाला वाटणे साहजिक होते. मुलगा पुढच्या शाळेत गेला तो या गरजेपोटी.

१८८४ च्या सुमारास निजामाच्या राज्यात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. १९१७ मध्ये फर्मान निघाले आणि पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून सगळे उच्च शिक्षण देणारे ते हिंदुस्थानातले पहिले विद्यापीठ. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले गेले आणि गणितापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. हे काम मोठे होते आणि त्याची थोरवी मान्य केलीच पाहिजे. अडचण लोकसंख्येची होती. १९४१ च्या जनगणनेत राज्यात १ कोटी ६३ लाख माणसे होती. त्यांपैकी जवळपास निम्मी तेलुगू बोलणारी, सुमारे पाव हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी, आणि घरी उर्दू बोलणारे शंभरात बाराच्या आसपास. शाळेच्या तीन पायऱ्या होत्या: तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च. तहतानियाच्या पहिल्या चार इयत्ता बहुतेक ठिकाणी मुलाच्या मातृभाषेत होत. पाचवीला वस्तानिया सुरू झाली की माध्यम उर्दू.

त्या पाचवीच्या वर्गात दहा-अकरा वर्षांच्या मुलाला काय काय सोसावे लागे, ते जवळून पाहिले पाहिजे. चार वर्षे तो डावीकडून उजवीकडे लिहीत आला, आता ओळ उजवीकडून सुरू झाली. वही उलटी उघडायची. तीच पाटी आणि तोच हात, पण वळण नवे. त्यातही आकडे डावीकडूनच लिहायचे, म्हणजे गणिताच्या एकाच ओळीत डोळ्यांनी दोनदा दिशा बदलायची. चौथीपर्यंत ज्याला त्रिकोण म्हटले तो आता मुसल्लस, कोन हा जाविया, चौरस हा मुरब्बा, वर्तुळ हा दायरा. आकृती मुलाला कळत होती, तिचे नाव विचारले की तो गप्प होई. काळाची मोजणीही बदले. घरी चैत्र-वैशाख आणि शके, शाळेत फसली साल आणि त्याचे इराणी महिने. सुट्टी शुक्रवारची. चौथीत पहिला येणारा मुलगा पाचवीत दोन महिन्यांत मागच्या रांगेत जाई, आणि त्याचे डोके तेच असे. ज्या वयात आवाज फुटतो, हातपाय अचानक लांब होतात आणि आपल्याकडे सगळे पाहत आहेत असे वाटू लागते, त्याच वयात त्याला उच्चारासाठी उभे केले जाई. ऐन आणि अलिफ यांतला फरक घशातून काढता न येणाऱ्या मुलाने त्या वर्गात बोलायचे कसे?

यावर एक आक्षेप लगेच घेतला जाईल. मानवतच्या पेठेत दख्खनी सगळ्यांना येत होती. बाजारात मारवाडी, मराठा, मोमीन आणि तेली एकमेकांशी तीच बोलत, मग उर्दू त्या मुलांना परकी कशी? आक्षेपात तथ्य आहे आणि माझे म्हणणे त्यामुळे अधिक नेमके होते. पेठेतली दख्खनी आणि उस्मानियाची उर्दू यांत मोठे अंतर होते. दख्खनी मराठीच्या शेजारी वाढलेली, तिच्या शब्दांची आणि वळणांची. शाळेतली उर्दू दिल्ली-लखनौच्या अदबीची, आणि तिच्या शास्त्रीय शब्दांना अरबीचा भार. मानवतच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान विणकराचा मुलगा वर्गात दख्खनीत बोलला तर त्याचीही चूक काढली जाई. म्हणून या उंबरठ्याकडे केवळ हिंदू मुलगा आणि मुसलमान शाळा अशा चष्म्यातून पाहणे मला मान्य नाही. एका बाजूला घर आणि पेठ होती, दुसऱ्या बाजूला कचेरी. मुसलमान मुलाला लिपी निदान ओळखीची होती, कुराण शिकताना ती डोळ्यांखालून गेलेली असे, हा त्याचा फायदा खरा. पण अदब त्यालाही शिकावी लागत होती.

दुसरा आक्षेप पश्चिमेकडून येईल. मुंबई इलाख्यातल्या मराठी मुलालाही चौथीनंतर इंग्रजी शाळेत जावे लागे, पुण्या-साताऱ्याची मुले त्यातूनच शिकली, मग मराठवाड्याचेच दुःख काय म्हणून सांगायचे? फरक मधल्या पायऱ्यांचा आहे. तिकडे इंग्रजी पहिली ते तिसरी या इयत्तांत भाषा इंग्रजी शिकवत, पण समजावून सांगत ते मराठीतून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हे त्या पद्धतीचे घरोघरी पोचलेले साधन होते: एक वाक्य मराठी, एक इंग्रजी, आणि दोन्हींमध्ये ये-जा. शिकवणारा शिक्षक बहुधा मुलाच्याच भाषेचा. त्यामुळे भीती असली तरी ती विचारून कमी करता येत होती. निजामाच्या मुलखातल्या वस्तानियेत बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला मराठी येत नसे आणि मुलाला शिक्षकाची उर्दू कळत नसे, असे प्रसंग नेहमीचे होते. शंका विचारायलाही जी भाषा लागते ती अजून शिकायचीच होती. बुजरेपणाचे मूळ मला इथे दिसते. पुण्याच्या मुलासमोर जिना होता, मानवतच्या मुलासमोर भिंत होती.

आणि वयाचे काय? किशोरवयात संकोच येतोच, ही गोष्ट जगभरची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये किशोरावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे वय वादळाचे असते, ते शरीरातूनच येते असा विचार रूढ केला. १९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटावरच्या मुलींचा अभ्यास मांडून उलट सांगितले: समाजाची रचना वेगळी असेल तर हे वय शांतपणेही जाऊ शकते. पुढे १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी मीड यांच्या निरीक्षणांवर कडक टीका केली आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. माझ्या मुद्द्याला तो मिटण्याची गरजही नाही. शरीराचा वाटा पुरेपूर मान्य केला तरी प्रश्न उरतोच: त्याच वयाचा तोच मुलगा कापसाच्या गाडीवर बसून पेठेत येतो तेव्हा घासाघीस करतो, पोळ्याला बैल सजवताना मोठ्यांना सूचना देतो, हरिपाठात पुढे उभा राहतो, आणि फक्त वर्गात पाय ठेवला की गप्प होतो, हे का? संकोच वयाचा असता तर तो सगळीकडे त्याच्या मागे गेला असता.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. पाचवीच्या बाकावर अवघडून बसलेला मुलगा तसा भाग्यवान होता. बहुसंख्य मुले त्या बाकापर्यंत आलीच नाहीत. १९५१ च्या जनगणनेत सगळ्या हैदराबाद राज्यात साक्षरतेचे प्रमाण शेकडा १० च्याही खाली होते. यामागे गरिबी होती, शाळांची टंचाई होती, जात होती, आणि मुलींच्या बाबतीत तर शाळेचा विचारच फार थोड्या घरांत होता. पण जे घर चार इयत्तांपर्यंत मुलाला पाठवू शकत होते त्याने पाचवीला त्याला शेतावर का नेले, याचे एक उत्तर भाषेत आहे. शिकून मुन्शी होण्याची शक्यता कमी, नापास होण्याची जास्त, आणि मधल्या काळात हाताशी आलेला मुलगा बसून. बापाने केलेला हा हिशेब चुकीचा होता असे म्हणवत नाही.

या भिंतीत दार पाडण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत परभणी जिल्ह्याची माणसे पुढे होती. वसमत भागातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर हैदराबादला वकील झाले, पुढे न्यायाधीश झाले, आणि १९०७ मध्ये वामनराव नाईक आदींच्या साथीने तिथे मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली. त्याच वर्षी गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघाले. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तिथे १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतही त्यांनी काम केले. औरंगाबादला सरस्वती भुवन, बीडला चंपावती, उदगीरला श्यामलाल, आणि मानवत रोडहून अगदी जवळ, सेलूला १९३९ मध्ये नूतन विद्यालय. पुढे राजकारणात गाजलेली या प्रदेशातली कितीतरी माणसे आधी या शाळांत शिक्षक होती किंवा विद्यार्थी होती. सरकारने या शाळांकडे संशयाने पाहिले. १९२० च्या दशकात खाजगी शाळेला पूर्वपरवानगीची अट आली आणि परवानगीवाचून चालणाऱ्या कितीतरी छोट्या शाळा बंद पडल्या. १९३७ मध्ये परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. राजकीय चळवळीला बंदी असलेल्या राज्यात भाषा आणि शिक्षण यांवर बोलता येत होते, आणि मानवतपासून चार-पाच स्टेशनांवरच्या त्या गावात लोक त्यावरच बोलले.

या शाळांचे ऋण मोठे आहे, तरी त्यांनी उंबरठा काढला असे म्हणता येत नाही. त्यांनी तो भाषेतून उचलून अंतरात ठेवला. बी. रघुनाथ यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९१३ मध्ये सातोन्याला जन्मलेला हा मुलगा मराठीतून शिकण्यासाठी हैदराबादच्या विवेकवर्धिनीत गेला. पुढे वडील वारले, मॅट्रिकनंतर शिक्षण सुटले आणि बांधकाम खात्यातली नोकरी धरून ते परभणीला राहिले. १९५३ मध्ये, वयाच्या चाळिशीतच, त्यांचे निधन झाले. ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाला आपल्या भाषेतली शाळा मिळवायला लहानपणीच दिवसभराचा रेल्वेप्रवास करून परक्या शहरात राहावे लागले. तिथे मराठी शाळा होती, पण शहर उर्दू-तेलुगूचे. शिवाय एवढे अंतर आणि एवढा खर्च झेपणारी घरे किती? खाजगी मराठी शाळांत सुरुवातीच्या काळात पांढरपेशा आणि व्यापारी घरांतलीच मुले बहुसंख्य राहिली, ती यामुळे.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणण्यावरून जो संघर्ष पेटला, तो राजकीय इतिहासात नोंदलेला आहे. प्रार्थना म्हणण्याला बंदी झाली, विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला, शेकडोंना काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. ही चळवळ स्वातंत्र्यलढ्याचाच भाग होती, तिला वयाच्या अस्वस्थतेत विरघळवून टाकणे अन्यायाचे होईल. तरीही तिची ठिणगी सभेत किंवा कचेरीत न पडता वसतिगृहात पडली, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. जिथे मुले राहतात, जेवतात, कपडे बदलतात, सायंकाळी एकत्र बसून काही म्हणतात, ती जागा. आठ-दहा वर्षे शाळेत पाहुण्यासारखी वावरलेली मुले आम्ही इथे आमच्यासारखे राहू, असे प्रथमच म्हणाली. भाषा शिकून झाली होती, शेरवानी अंगवळणी पडली होती. अवघडलेपण संपले नव्हते, त्याला फक्त आवाज मिळाला.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. शाळांचे माध्यम मराठी झाले, उस्मानियाने उर्दू सोडून इंग्रजी धरली. मराठवाड्याच्या इतिहासात हा क्षण मुक्तीचा म्हणून लिहिला जातो आणि मराठी मुलासाठी तो तसा होताही. पण त्याच वर्षी आठवीत किंवा नववीत उर्दूतून शिकणाऱ्या मुलाचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्या बदलाच्या दिवसांत मराठवाड्याच्या काही जिल्ह्यांत मुसलमानांवर अत्याचार झाले. अनेक घरांतला कर्ता माणूस गेला किंवा नोकरी गेली. अशा घरातला मुलगा वर्गात आला तेव्हा फळ्यावरची ओळ डावीकडून सुरू होत होती आणि मुसल्लसचा त्रिकोण झाला होता. ज्या बाकावर आधी मराठी मुलगा गप्प बसला होता त्याच बाकावर आता हा बसला. पुढे उर्दू प्राथमिक शाळा टिकल्या, पण कित्येक गावांत त्यांच्या पुढच्या इयत्ता मराठीतच राहिल्या. पाचवीचा किंवा आठवीचा उंबरठा या मुलांसाठी आजही तसाच आहे, आणि मराठवाड्यात मुसलमान मुलांची मधल्या इयत्तांतली गळती सांगताना शिक्षणाबद्दलची अनास्था हे कारण पुढे करणाऱ्यांनी आपल्याच आजोबांची शाळा आठवावी, असे मला वाटते.

मराठी मुलाचे तरी सगळे सुरळीत झाले का? १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, पुण्यात स्थापन झाले आणि मानवतजवळच्या केकरजवळ्यापासून कोकणापर्यंत एकच पुस्तक गेले. त्या पुस्तकाने मोठे काम केले. पण त्यातली मराठी मानवतच्या घरात बोलली जात नव्हती. इथला मुलगा ‘कामून’ विचारतो, ‘यायलो’ म्हणतो, ‘आलतो’, ‘गेलतो’ म्हणतो. वर्गात त्याच्या तोंडून हे निघाले की दुरुस्ती होई, कधी हसू होई. ताडबोरगाव किंवा रामपुरीहून मानवतच्या हायस्कुलात आलेल्या मुलाला नव्या गावची शाळा झेपत होती, पण तोंड उघडले की आपण कुठले हे कळते, ही जाणीव झेपत नव्हती. उर्दूच्या काळात पेठेतल्या दख्खनीला जी वागणूक मिळाली तीच आता घरच्या मराठीला मिळाली. प्रमाणभाषा शिकवूच नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. परीक्षा, वर्तमानपत्र, न्यायालय यांसाठी ती हवीच. घरच्या बोलीला चूक न ठरवता ती शिकवता येते, आणि तर्खडकरांनी इंग्रजीसाठी जी ये-जा साधली ती बोली आणि प्रमाणभाषा यांत साधायला कोणी अडवले नव्हते.

हा उंबरठा सगळ्यांना सारख्याच उंचीचा कधीच नव्हता. दलित मुलासाठी तो भाषेआधी बसण्याच्या जागेचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. त्याच्या भोवती वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातला मुलगा नव्या जागी टिकायचा तर वर्गाबाहेरची त्याची जागा आधी सुरक्षित हवी, हे बाबासाहेबांनी जितके स्पष्ट ओळखले तितके या प्रदेशात कोणीच ओळखले नाही. त्या वसतिगृहांत शेजारच्या खाटेवरचा मुलगाही तसाच नवखा असे, म्हणून नवखेपणाची लाज वाटत नसे. बंजारा तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. त्याच्यासाठी मराठी हीच पहिलीपासूनची परकी भाषा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातले मूल दिवाळीनंतर गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, म्हणजे दरवर्षी एकाच शाळेत पुन्हा नवे होते. मुलींसाठी अंतर हाच मोठा अडसर होता: चौथी किंवा सातवीपर्यंतची शाळा गावात, पुढची चार-सहा मैलांवर, आणि वय नेमके घरच्यांना काळजी वाटण्याचे. एसटीच्या मोफत पासने मराठवाड्यात कितीतरी मुलींना दहावीपर्यंत आणले. मुली लाजऱ्या म्हणून घरी बसतात असे सांगणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. पास मिळाला, बस वेळेवर आली, आणि मुली शाळेत आल्या.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्या कठीण उंबरठ्यातून मोठी माणसे निघाली, हे नाकारता येत नाही. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू-फारसीचे जाणकार झाले आणि शिवकाळाच्या अभ्यासात ती साधने त्यांनी मराठीत आणली. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरला १९३२ मध्ये जन्मलेले नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकले. इस्लाम, उर्दू साहित्य आणि हैदराबादचे राजकारण यांवर ते ज्या अधिकाराने बोलत तो पुण्यात शिकून आला नसता. दोन-तीन भाषांच्या सांध्यावर वाढल्याचा हा लाभ खरा आहे, आणि मराठवाड्याने तो गमावला याची मला खंत आहे. मात्र या दोघांनाही घरातून पुस्तके आणि आधार मिळाला होता. कुरुंदकरांचे मामा नांदापूरकर हे उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. ज्याच्या हाताला धरायला कोणी होते त्याला भिंतीपलीकडचे जग मिळाले. चार-दोन थोर नावांवरून रचनेला प्रशस्तिपत्र द्यायचे तर ज्यांची नावे हजेरीपटावरून पाचवीतच गळाली त्यांचीही मोजदाद केली पाहिजे, आणि ती संख्या साक्षरतेच्या आकड्यात दिसतेच.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. पाचवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपर्यंत उच्च प्राथमिक अशी रचना आली, शाळा घराजवळ असावी हे कायद्याने सांगितले. जुना पाचवीचा उंबरठा त्यामुळे बराच खाली आला. पण मानवतच्या मुलामुलींसाठी तो आता अकरावीला उभा आहे. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेले मूल अकरावीला विज्ञान शाखेत जाते तेव्हा सगळे पुस्तक इंग्रजीत असते. ज्या घरांना झेपते ती मुले लातूरला, नांदेडला खाजगी शिकवण्यांसाठी जातात. खोली भाड्याची, डबा विकतचा, वर्गात दोन-दोनशे अनोळखी चेहरे. वय सोळा. त्रिकोणाचा ट्रायअँगल झाला, कोनाचा अँगल, आणि शंका विचारायला लागणारी भाषा पुन्हा एकदा आधी शिकावी लागते. अनेक पालकांनी यावर स्वतःच उपाय शोधला आहे: पाचवीपासून किंवा आठवीपासून सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी विषय मराठीत. तज्ज्ञांनी या धरसोडीला नावे ठेवली आहेत. मला त्यात मधली पायरी बांधण्याची धडपड दिसते, आणि ती बांधण्याचे काम शाळेने आणि सरकारने आपले मानायला हवे होते. सध्या ते पालक आपल्या खिशातून करत आहेत, आणि ज्यांचा खिसा रिकामा आहे त्यांची मुले अकरावीला विज्ञान सोडून दुसऱ्या शाखेत जातात किंवा पेठेत कामाला लागतात.